पोह्याच्या मागून चालणाऱ्या सिस्टरबाई

सिस्टरबाईंनी माझा चेहरा नीट पाहिला, तो मी त्यांच्या घरी राहायला आल्यावर दोनेक महिन्यांनी. तोवर त्या माझ्या पायांकडे बघूनच बोलायच्या.

मी तहसील कचेरीत नवी लागले होते. कारंजा घाडगे मला पार परकं गाव. हायवेवरून ट्रक वाहत असायचे, ढाब्यांवरच्या खाटा कधी रिकाम्या दिसायच्या नाहीत, आणि एवढ्या वर्दळीत माझ्या ओळखीचं एकही माणूस नव्हतं. आई नुकतीच गेली होती. भाऊ-वहिनी होते, पण आई गेल्यावर घर पत्त्यापुरतं उरतं. कचेरीतल्या शिपायाने सिस्टरबाईंच्या मागच्या खोलीचं सांगितलं आणि सांगता सांगता जरा अडखळला. "खोली बेस हाय मॅडम. बाई जराशा... तुमीच पाहून घेजा."

दार उघडलं ते उंच, वाळक्या अंगाच्या बाईंनी. सुती पातळ, पदर खोचलेला, केस इतके घट्ट बांधलेले की कपाळ ताणल्यासारखं दिसायचं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. खाली बघितलं.

"टाच आत कलते तुही," त्या म्हणाल्या. "कंबर दुखत असन."

दुखत होती. मी हो म्हटलं.

"चप्पल बदल. अन् सामान कवा आणते?"

एवढ्यावर खोली ठरली.

त्या सरकारी नर्स होत्या, निवृत्त झालेल्या. तालुक्याच्या कडेकडेच्या गावांत, जंगलाला लागून असलेल्या उपकेंद्रांत त्यांची सारी नोकरी गेली होती. गावात त्यांना कुणी नावाने ओळखत नसे. लहानथोर सगळे सिस्टरबाई म्हणायचे. त्यांचं लग्न झालं होतं की नाही, याबद्दल गावात दोन मतं होती आणि दोन्ही ऐकीव. त्यांना विचारायची हिंमत मात्र कुणी केली नव्हती.

माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती पायांवरून. दूधवाला म्हणजे "थो अंगठा फाटलेला". शेजारची सून म्हणजे "चपट्या पायाची". एकदा आमचे नायब तहसीलदार बाजारात समोरून आले, मोठ्या अदबीने नमस्कार केला, तर बाईंना ओळख पटेना. साहेब पुढे गेले तशी त्यांची नजर खाली गेली आणि त्या मागून मोठ्याने म्हणाल्या, "अहो, तुमीच नाई का थे सुजल्या अंगठ्यावाले! मटण बंद केलं काय?" साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत मला त्याचे दोन शब्द ऐकावे लागले.

जेवायच्या त्या एकट्या, भिंतीकडे तोंड करून. बाजूला रेडिओ लावलेला. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कशाला शिवायच्या नाहीत. मला चहा द्यायच्या, पण तो माझ्या खोलीच्या उंबरठ्यावर ठेवून निघून जायच्या. आत कधी यायच्या नाहीत. त्यांच्या घरातही मी पुढच्या खोलीपलीकडे गेले नव्हते. आमच्या दोघींच्या मध्ये एकच भिंत होती. संध्याकाळी त्यांचा रेडिओ मला ऐकू यायचा, माझं स्टोव्ह पेटवणं त्यांना ऐकू जात असणार. त्या आवाजांवर आमची बरीचशी ओळख चालली होती.

संक्रांत झाली की मात्र घराचा रंग बदलायचा. जुनी सुती पातळं फाडून त्यांच्या लांब पट्ट्या निघायच्या. त्या पट्ट्या मोठ्या गंजात उकळायच्या, अंगणात दोरीवर वाळायच्या, मग इस्त्री होऊन त्यांच्या गुंडाळ्या व्हायच्या. कॅनव्हासची एक खाकी पिशवी माळ्यावरून खाली यायची. महादेवाला जायचे दिवस आले, हे मला कॅलेंडरापेक्षा त्या दोरीवरून आधी कळायचं.

महाशिवरात्रीच्या आधी आमच्या भागातली माणसं पायी सातपुड्यात महादेवाला जातात. खांद्यावर त्रिशूळ, तोंडी 'हर बोला हर हर महादेव'. काटोल, पांढुर्णा, मग घाट, मग जंगल, आणि शेवटी चौरागडाच्या न संपणाऱ्या पायऱ्या. अशा जथ्याला पोहा म्हणतात. पोह्याच्या पुढे भगत चालतो. आमच्या पोह्याचा भगत संत्र्याची बाग असलेला शेतकरी होता. आवाजाने पहाडी आणि स्वभावाने इतका मऊ की कुणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की तो गळ्यातल्या माळेशी खेळत बसायचा. आणि पोह्याच्या अगदी शेवटी, सगळ्यांच्या मागे दहा-पंधरा पावलं सोडून, सिस्टरबाई चालायच्या.

"चालते काय संगं?" एका वर्षी त्यांनी उंबरठ्यावर चहा ठेवता ठेवता विचारलं. "सुट्टी शिल्लक असन तुही. मले दोन हात कमी पडते."

मला नवस नव्हता, भक्तीही बेताचीच. पण आई गेल्यापासून मला 'चाल' असं कुणी म्हटलं नव्हतं. मी रजेचा अर्ज टाकला.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "बाई, आपण शेवटी का चालतो?"

"पुढून चाललं तं तोंडं दिसते," त्या म्हणाल्या. "मागून पाय दिसते. तोंड खोटं बोलते, पाय नाई बोलत."

दिवसभर त्या बोलायच्या नाहीत. दोन्ही बाजूंना हरभरा, गहू, तुरीचे ढीग. मधूनच एखादा पळस पेटल्यासारखा लाल. बाईंचं तिकडे लक्ष नसायचं. कोण डाव्या पायावर भार टाकत नाही, कुणाची टाच घसटते, कोण मांड्या काचल्यामुळे फाकून चालतं, एवढंच त्या बघायच्या. संध्याकाळी शाळेच्या नाहीतर देवळाच्या ओसरीवर मुक्काम पडला की बाकीचे चुली मांडायचे आणि बाई सरळ त्याच माणसासमोर जाऊन बसायच्या.

"काढ जोडा."

"काई नाई झालं सिस्टरबाई."

"थे मी पाहीन. काढ."

फोड आले की माणसं नखाने कातडी सोलून काढायची. बाई हातावर फाडकन मारायच्या. सुई ज्योतीवर धरून, निवू देऊन, फोडाला कडेने टोचायच्या, पाणी कापसाने टिपायच्या आणि वरची कातडी तशीच ठेवून पट्टी बांधायच्या. "देवानं दिलेली पट्टी हाय थे, काऊन फेकते?" नवे जोडे घालून आलेल्याला त्या पहिल्याच मुक्कामी शिव्या द्यायच्या. अनवाणी चालायचा नवस करणाऱ्यांशी वाद घालायच्या, "महादेव बी कातडं आंथरून बसते, त्याले समजते. तुले समजत नाई." एका म्हाताऱ्या बुवांनी टाचेच्या भेगांत बिब्ब्याचं तेल भरलं आणि पाय उतून टम्म फुगला, तेव्हा बाईंनी त्यांची बिब्ब्यांची पुरचुंडी उचलून नाल्यात भिरकावली. मग त्याच बुवांचा पाय मांडीवर घेऊन संध्याकाळभर ओल्या फडक्याने निववत बसल्या. बुवा कण्हत होते आणि मधूनमधून पुरचुंडीच्या नावाने हळहळत होते.

बायांचं दुखणं वेगळंच. त्या पाणीच प्यायच्या नाहीत. प्यायलं की आडोसा शोधावा लागतो, आणि गुडघाभर हरभऱ्यात कसला आडोसा? तीन-चार दिवसांत निम्म्या जणींना लघवीला आग व्हायची, पोटात दुखायचं, ताप भरायचा. सांगायची मात्र चोरी. बाईंनी त्यासाठी एक जाड काळी चादर ठेवली होती. रस्त्याच्या कडेला एक टोक मी धरायचं, एक त्यांनी. "पेजा पाणी पोटभर. मी उभी हावो." ट्रकवाले हॉर्न वाजवत जायचे. बाई रस्त्याकडे तोंड करून, हात ताणून, खांबासारख्या उभ्या असायच्या. शेवटची बाई उठेपर्यंत हात खाली यायचा नाही.

एवढंच असतं तर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं असतं. पण बाईंचं आणखी एक काम होतं, आणि त्यापायी पोह्यात कुणी त्यांच्या पंगतीला बसत नसे. त्या माणसांना परत पाठवायच्या.

घोटा मुरगळून सुजला, जखम चिघळली, ताप उतरेना, की बाई पाय खाली ठेवायच्या, हात धुवायच्या आणि म्हणायच्या, "सकाळच्या गाडीनं घरी." त्यात बदल नसे. आता महादेवाच्या वाटेवरून अर्ध्यात फिरणं म्हणजे आमच्याकडे मोठा अपशकुन. घरादाराला लागतं म्हणतात. माणसं रडायची, पाया पडायची, चिडायची. बाईंचं उत्तर ठरलेलं: "नवस पुढच्या साली बी फिटते. पाय पुढच्या साली उगवत नाई."

त्यामुळे लोक त्यांच्यापासून दुखणं लपवायचे. त्या ओसरीवर आल्या की बाया लुगड्याखाली पाय ओढून घ्यायच्या, पुरुष मोजे चढवायचे. हसणं-बोलणं थांबायचं. शाळेत तपासनीस आल्यावर पोरं गप्प होतात तसं. भजन सुरू झालं की बाई पायरीच्या टोकाला एकट्या बसायच्या, टाळ्याही वाजवायच्या नाहीत. त्यांना कुणी वाढायचं ते लांबून, घाईघाईत.

मग शेठचं झालं.

शेठ म्हणजे आमच्या गावचे सरकी-ढेपेचे व्यापारी. चांगला माणूस. पोह्याचं एक वेळचं जेवण दर वर्षी त्यांच्याकडून असायचं, त्यामुळे भगत त्यांना फार मानायचा. त्यांना शुगर होती. त्या वर्षी ते नवे कापडी बूट घालून आले होते. पांढुर्ण्याच्या अलीकडच्या मुक्कामी बाई त्यांच्यासमोर जाऊन बसल्या. बूट काढल्यावर करंगळीच्या बाजूला एक जखम दिसली, बोराएवढी, कडा पांढऱ्या पडलेल्या.

"दुखते काय?"

"बिलकुल नाही हो बाई!" शेठ हसले. "काहीच नाही दुखत."

बाईंनी सुईचं टोक हळूच त्यांच्या तळव्याला लावलं. शेठ हसतच होते. बाईंनी सुई ठेवून दिली.

"दुखत नाई म्हणूनच घरी जा," त्या म्हणाल्या. "दुखलं असतं तं मी तुमाले चालू दिलं असतं."

हे बोलणं तिथे कुणालाच कळलं नाही. मलाही नाही; शुगरने पाय बधिर होतो हे मला पुढे कळलं. शेठचा चेहरा उतरला. त्यांच्या मुलाच्या दुखण्यासाठी बोललेला नवस होता तो. ते म्हणाले, "बाई, मी अर्ध्यातून फिरलो आणि पोराला काही झालं तर?"

"अन् तुमालेच काई झालं तं पोराले कोण पाहीन?"

सगळे भगताकडे बघायला लागले. भगत माळ चाचपत राहिला, आणि मग म्हणाला, "बाई, त्याइचा भाव हाय. महादेव पाहून घेईन."

बाईंनी जखम धुतली आणि पट्टी बांधली. पुढे रोज संध्याकाळी त्या शेठसमोर जाऊन बसायच्या, आणि शेठ झोपल्याचं सोंग घ्यायचे. घाटात त्यांना थंडी वाजून ताप भरला. बूट काढला तर वास सुटला होता. संत्र्यांचा रिकामा ट्रक नागपूरकडे चालला होता, तो बाईंनी रस्त्यात मध्ये उभं राहून थांबवला. नागपूरला डॉक्टरांनी अर्धं पाऊल काढलं. जीव वाचला.

मला वाटलं होतं, आता तरी लोक बाईंचं ऐकतील. झालं भलतंच. कारंज्यात बोलणं फिरायला लागलं की बाईंनी जिभेवर आणलं म्हणून शेठचा पाय गेला. काळ्या जिभेची म्हणून त्यांचं नाव झालं. आमच्या दारावरून जाताना बाया पोरांना पलीकडच्या कडेला घ्यायच्या. शेठच्या घरून तर कुणी नजरेला नजर देईना.

मी रागाने हे बाईंना सांगितलं. त्या पट्ट्या गुंडाळत होत्या. हात थांबले नाहीत.

"बरोबर निघालं की लोक भेतेच," त्या म्हणाल्या. "चुकली असती तं हासले असते. जेवायले दोन्हीत कोणी बलावत नाई."

पुढच्या वर्षी पोह्यात एक लहान वयाची सून होती, सासूबरोबर आलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, त्याचाच नवस. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई झपझप पुढे गेल्या, तिच्या कानाशी काहीतरी बोलल्या आणि तिचा हात धरून बाजूच्या आंब्याखाली घेऊन गेल्या. तिला दिवस गेले होते आणि रक्त दिसत होतं. घाबरून तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सासू म्हणाली, महादेवानेच दिलं, आता तर त्याच्या पायाशी नेलंच पाहिजे. बाई त्या वेळी भगताकडे गेल्याच नाहीत. पिशवी माझ्या खांद्याला लावली, पोरीला आधार देऊन रस्त्यावर आणलं, आली ती एसटी थांबवली आणि स्वतःही तिच्याबरोबर चढल्या. त्या वर्षी बाईंना महादेव घडला नाही. पोह्यात त्या वर्षी पाय मी पाहिले, जमतील तसे.

दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी आमच्या गल्लीतून ती सासू पेढ्यांचं ताट घेऊन आली. मी ओसरीवर होते. बाई दारात उभ्या होत्या. सासूने आमच्या फाटकासमोर पदर पुढे ओढला, पाय उचलला आणि सरळ भगताच्या घराकडे गेली.

"बाळंत झाली वाटते," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "पोरगं की पोरगी?"

"मला काय माहीत?"

"विचारून येजो नं."

मी गेले, विचारून आले. मुलगी होती.

"वजन किती भरलं?"

ते मी विचारलं नव्हतं. बाईंनी मान हलवली आणि त्या आत गेल्या. रेडिओ लागला नाही त्या दिवशी.

अशी वर्षं गेली. मी दर साल जात राहिले. नवस नसलेली मी आणि नवसाबद्दल कधी न बोलणाऱ्या त्या, अशा दोघी पोह्याच्या शेवटी. आता माझीही नजर खालीच असायची. मोबाइल आले, भगताच्या मुलाने एक घेतला; घाटात तो नुसता खिशाला ओझं व्हायचा.

शेवटच्या वर्षी पोहा आमच्यापासून फार पुढे जायला लागला. बाई मधेच थांबायच्या आणि म्हणायच्या, "पाह्य तं किती फुलला पळस." ज्या बाईने इतक्या वर्षांत पळसाकडे मान वळवली नव्हती, तिला आता प्रत्येक पळस बघायचा होता. मी थांबायचे. त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत आम्ही दोघी पळस बघत राहायचो. संध्याकाळी त्या आडव्या व्हायच्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायच्या. त्यांनीच मला कधीतरी शिकवलं होतं, नडगीवर बोट दाबायचं. खड्डा राहिला तर अंगात पाणी साचतंय, मग त्या माणसाला एक पाऊलही चालू द्यायचं नाही.

घाटाच्या पायथ्याला एका शाळेत मुक्काम होता. सकाळी सगळे निघायच्या तयारीत असताना मी बाईंच्या समोर जाऊन बसले.

"बाई, पाय दाखवा."

त्यांनी पातळाचा काठ खाली ओढून घेतला. "माह्या पायाले काई नाई झालं."

ते वाक्य मी त्या वाटेवर इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं होतं की क्षणभर मला हसू आलं. मग भीती वाटली.

"मी बघते ना फक्त."

"तुले काय समजते? तू कचेरीतली. जाय, चादर घडी कर."

त्यांच्या ओठांना निळसर रंग होता. बोलताना दोन शब्दांच्या मध्ये त्या श्वास घेत होत्या. मला पुढे काय करावं सुचेना. ओढाताण करायची माझी छाती नव्हती. मी उठले आणि भगताला बोलावून आणलं, पण तो काही करेल अशी मला फार आशा नव्हती.

भगत आला, जरा लांबच उभा राहिला. हात माळेकडे गेला, पण त्याने तो परत खाली घेतला.

"सिस्टरबाई, तुमाले घाट नाई चढाचा."

"कोण म्हणते?"

"मी म्हणतो." त्याचा पहाडी आवाज अगदी लहान झाला होता. "त्या साली शेठले म्हणाले पाह्यजे होतं. म्हणू नाई शकलो. आज म्हणून राह्यलो."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पायांकडे नाही, तोंडाकडे. कितीतरी वेळ पाहिलं. मग पिशवी उघडली, पट्ट्यांच्या गुंडाळ्या त्याच्या हातात दिल्या आणि कोणाची टाच कशी आहे, कोणाला आज उतारावर सांभाळायचं, ते भराभरा सांगत सुटल्या. मधेच दम लागला. भगत मान हलवत उभा होता. अक्षरही त्याच्या लक्षात राहत नव्हतं, पण तो ऐकत होता.

पोहा निघाला. जयजयकार झाला, त्रिशूळ उचलले गेले. दोघा-चौघांनी लांबून हात जोडले. बायांतल्या एकीने मागे वळून बघितलं आणि दुसरीने तिला ओढून नेलं. वाटेवर मागे बघायचं नसतं. आवाज घाटात शिरला, बारीक होत गेला आणि मग नुसतं ऊन उरलं.

आम्ही दोघी मोहाच्या झाडाखाली गाडीची वाट बघत बसलो. गाडीचा पत्ता नव्हता. मी पहिल्यांदाच धीर करून विचारलं, "बाई, तुम्हाला नवस नाही, देवदेव नाही. मग एवढी वर्षं कशाला आलात?"

बाईंनी पिशवी जवळ ओढली.

"नोकरीत होती तवा गावाबाहेरच्या क्वार्टरात राह्यची," त्या म्हणाल्या. "लोकं यायचे. रातबेरात यायचे, पावसात यायचे. माय, सिस्टरबाई, चाला लवकर. मले वाटे, आपलं लय मोठं गोत हाय." श्वास घ्यायला त्या थांबल्या. "रिटायर झाली, तं यायचे बंद झाले. त्याइची काय चुकी? मी लोकाइले दुखण्यातच आठवते. मंग म्हटलं, जेथं साऱ्याइचंच दुखते, तेथं जाऊ."

पलीकडच्या शेतात कुणीतरी गहू कापत होतं.

गाडी आली. बाईंना खिडकीशी बसवलं. पिशवी त्यांनी पोटाशी धरली होती. बरंच अंतर गेल्यावर त्या म्हणाल्या, "या रस्त्यानं कितीक लोकं मले शिव्या देत घरी गेले असतीन, नाई?"

"गेले असतील," मी म्हटलं.

त्या हसल्या. त्यांचे दात इतके लहान आणि सारखे आहेत हे मला माहीत नव्हतं.

नागपूर जवळ होतं, पण त्यांनी वर्ध्याचाच हट्ट धरला. नर्सिंगचं शिक्षण तिथे झालं होतं. वर्ध्याच्या दवाखान्यात हृदय थकल्याचं निदान झालं. वॉर्डातली नर्स मला म्हणाली, "पेशंटच्या तुम्ही कोण?"

"भाडेकरू."

"नातेवाईक विचारते मी."

नाकावरची नळी बाजूला सारून बाई म्हणाल्या, "नातेवाईक नाई कोणी. जे काय असन थे हिलेच सांगा." आणि त्याच श्वासात त्या नर्सला म्हणाल्या, "जोडे काऊन एवढे कसून घालते वं? संध्याकाळी पाय भरून येत असन."

त्या बऱ्या होऊन घरी आल्या, पण फाटकाबाहेर जाणं संपलं. गोळ्या, बिनमिठाचं जेवण, खुर्ची. भगत मधूनमधून संत्री आणून ओसरीवर ठेवायचा आणि उभ्या उभ्या निघून जायचा. एका वर्षाने माझी बदली देवळीला झाली. नवा भाडेकरू त्यांनी घेतला नाही. जमेल त्या रविवारी मी वर्ध्यावरून गाडी बदलून जायचे. दुपारपर्यंत थांबायचे आणि परतायचे. जास्त थांबलेलं त्यांनाही आवडायचं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मी सांगतेय ती त्याआधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी पोचले तेव्हा फाटक उघडंच होतं. बाई अंगणात उन्हाला खुर्चीवर बसल्या बसल्या झोपल्या होत्या. पायांवरचं पांघरूण घसरलं होतं. इतक्या वर्षांत त्यांचे पाय मी पहिल्यांदा बघत होते. घोटे सुजलेले, टाचांना भेगा, अंगठ्याच्या खाली चालून चालून झालेला दगडासारखा घट्टा. आणि नखं. वाढून वाकलेली, एक तर शेजारच्या बोटात रुतलेलं.

त्यांनी डोळे उघडले आणि पांघरूण ओढायला गेल्या. हात पोचला नाही.

"वाकता नाई येत आता," त्या म्हणाल्या. "पोट आडवं येते."

मी आत गेले. पुढची खोली ओलांडून स्वयंपाकघरात गेले, पाणी कोमट केलं, घमेल्यात ओतलं. फडताळात कात्री होती, ती उकळून घेतली.

"राहू दे वं," त्या म्हणाल्या. "कायले?"

मी त्यांचा पाय उचलून पाण्यात ठेवला. पाऊल गार होतं. त्या ताठ होऊन, खुर्चीचे हात धरून बसल्या. बऱ्याच वेळाने पाय जरा सैल झाला. मी तो पुसून मांडीवर घेतला आणि अंगठ्याला कात्री लावली.

"गोल नोको कापू," बाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "सरळ काप. गोल कापलं तं मांसात शिरते."

"बरं."

हायवेवरून एक ट्रक गेला, त्याच्यामागून आणखी एक. मी पाचही बोटं केली, रुतलेल्या जागी मलम लावलं, भेगांत खोबरेल भरलं. पाय खाली ठेवून पाणी बदलायला म्हणून उठू लागले, तेवढ्यात बाईंनी दुसरा पाय आपणहून उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.